निवत्याचं मूळ

१७ ऑगस्ट १९७३

शब्द सापडला! घरातच होता, आणि मी गावभर शोधत होतो!

आज संकष्टी. सुनेचा उपास. मुलाची, शालिकची, कारखान्यात दुसरी पाळी, कळमेश्वरहून शेवटच्या एसटीनं येणार, म्हणून घरात आम्ही दोघंच – सासरा आणि सून. आभाळ भरलेलं. उत्तरा सारखी गच्चीवर जाऊन येत होती. शेवटी माझ्यापुढं येऊन उभी राहिली – "मामाजी, पाहा न जी जरा, निवत्या निघाला का? भूक लागून राहिली."

मी म्हटलं, कोण निघाला?

"निवत्या." आणि वर बोट केलं.

चंद्र! पोरीनं चंद्राला निवत्या म्हटलं!

उभा जन्म मुलांकडून चंद्राची नावं घोकून घेतली. शशी, इंदू, सोम, सुधाकर, मृगांक, निशापती. पोरं चालीवर म्हणायची आणि बाकावर ठेका धरायची. त्या यादीत हा नव्हता. निवणे – ऊन वस्तू थंड होणे. 'दूध निवू दे', 'पोराचा ताप निवला'. तापलेल्या जगाला रात्री निववतो तो निवत्या! कुण्या कवीला सुचलं नाही हे.

विचारलं, कुठं ऐकलास गं हा शब्द?

"असंच जी," म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.

असंच! ज्याच्या तोंडात सोनं असतं त्याला त्याची खबर नसते.

१९ ऑगस्ट

आमच्या साप्ताहिकातल्या 'आडवाटेचे शब्द' ह्या सदराला विषय मिळाला. बरं झालं. मागं 'अडकित्ता' लिहिला – तो कानडीतून आलेला. मग 'चावी' – ती पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलेली. तेव्हा वाचनालयाचे चिटणीस बाबनराव म्हणाले होते, "गुरुजी, मराठीचं काही मराठीत ठेवाल की सगळंच परत करता?" चारचौघं हसले. मला लागलं होतं.

आता घ्या म्हणावं. अस्सल इथला. संत्र्यांच्या बागेतला.

२१ ऑगस्ट

लेख झाला. एक वाक्य खुपतं आहे. इथं उतरवून ठेवतो –

'नरखेड तालुक्यात रात्री बागेला पाणी देणारे राखणदार हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले असून अनेक वृद्ध स्त्रियांच्या तोंडून तो मी ऐकला आहे.'

मी एकाही वृद्ध स्त्रीला विचारलेलं नाही. एकाही राखणदाराला भेटलेलो नाही. उत्तरा बावीस वर्षांची आहे, आणि तिच्या माहेरी मी लग्नात एकदाच गेलो, तेही मांडवातून मांडवात.

खोडलं. पुन्हा लिहिलं. शब्द आहे म्हणजे बोलणारे असणारच ना! 'सुनेच्या तोंडून एकदा ऐकला' असं लिहिलं तर त्याला वजन काय?

लेख देऊन आलो. येताना बडकस चौकात ओळखीचे भेटले, तर मी उगाच दुसरीकडे पाहत चाललो. चोरी केल्यासारखा.

२६ ऑगस्ट

छापून आला! सकाळपासून तिघं येऊन गेले. बाबनराव म्हणाले, "आता खरं गावचं काढलं तुम्ही!"

उत्तराला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती, थांबली. सगळं ऐकलं. वृद्ध स्त्रियांपाशी आलो तेव्हा तिनं एकदा वर पाहिलं. मी पुढचं घाईनं वाचलं.

"माह्यं नाव नाही न टाकलं जी?"

नाही गं.

"बरं केलं." आणि पुन्हा लाटणं सुरू.

९ सप्टेंबर

शालिकची आई गेल्यापासून घर मुकं झालं होतं. शालिकच्या पाळ्या, कधी निघतो अंधारात, कधी येतो अंधारात. बोलायला कोण? मी आपला जुन्या कविता पुटपुटत बसायचो – भिंतीला सगळ्या पाठ झाल्या असतील.

उत्तरा आली आणि घर बोलायला लागलं. ती मांजराशी बोलते, रॉकेलच्या स्टोव्हशी बोलते – "पेट न रे बाप्पा, काहून छळून राहिला!" मी बैठकीत पेपर धरून बसतो आणि कान आत. कधी सवयीनं दुरुस्त करतो. 'मले नाही गं, मला.' ती म्हणते, "हाव जी, मला," आणि पुढच्याच वाक्यात मले.

माझी आई अशीच बोलायची. मागावर बसून, धोटा फेकता फेकता. "मले पानी दे रे." मीही बोलायचो. मग मास्तर व्हायच्या शाळेत गेलो, तिथं पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग मला हसला. दिवाळीच्या सुटीत घरी आलो तेव्हा 'मला' म्हणत आलो. आई वडिलांना म्हणाली होती, "पावना आला वाटते."

हे आज का आठवलं कोण जाणे.

२३ सप्टेंबर

बाबनराव आले होते. कोजागिरीला वाचनालयाच्या गच्चीवर कार्यक्रम, मसाल्याचं दूध – साखर रेशनची, पण जमवू म्हणाले – आणि माझं व्याख्यान. विषय 'चंद्राची नावं'. माझं! एरवी कॉलेजच्या प्राध्यापकांना बोलावतात.

"आणि सूनबाईंनाही आणा. निवत्या त्यांच्याच माहेरचा ना? जिवंत पुरावा!"

मी आणतो म्हणालो. लगेच. आत विचारलंदेखील नाही.

ते गेल्यावर सांगितलं तर उत्तराचा चेहरा उतरला. "मी नाही येत जी. मले नोको नेऊ."

अगं, बोलायचं काही नाही. मी विचारीन, तू हो म्हणायचं.

"आन कोणी दुसरं विचारलं तं?"

काय विचारणार! शब्द तुझा, गाव तुझं.

ती आत निघून गेली. शालिक म्हणाला, "बाबा, राहू द्या तिला." मी म्हटलं, तुम्हाला मानमरातब कळत नाही. चार माणसांत घरचं नाव होतं आहे.

११ ऑक्टोबर

आज कोजागिरी. धोतर इस्त्रीचं. टिपणं तीनदा वाचली. उत्तरानं जांभळं पातळ नेसलं आहे. सकाळपासून जेवली नाही – उपास नसताना!

१२ ऑक्टोबर

काल माझी फजिती झाली. चारचौघांत, माइकवर.

सुरुवात छान झाली होती. 'को जागर्ति' – कोण जागा आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते, त्यावरून कोजागिरी. लोक माना डोलावत होते. मग एकेक नाव, प्रत्येकावर एखादी ओळ, आणि शेवटी निवत्या. टाळ्या! मी उत्तराला पुढं बोलावलं. म्हटलं, ही आमची सून, हिच्या गावात आजही हा शब्द नांदतो आहे. काय गं?

ती "हो" म्हणाली. इतकं हळू, की माइकलाही ऐकू गेलं नसेल.

मग कॉलेजचे एक तरुण प्राध्यापक उठले. फार अदबीनं. "ताई, गावात सगळेच म्हणतात का?"

"नाही जी."

"मग आपली आई? आजी?"

"नाही."

"मग कोण म्हणतं?"

"मीच."

हशा. मागून एक बाई म्हणाली, "अहो, शब्द कसला, सूनबाईंचा लाड आहे तो!" प्राध्यापकांनी विचारलं, "पण तुम्हाला सुचला कसा? काही कारण असेल ना?" ती माझ्याकडे पाहायला लागली. सारखी माझ्याकडेच. तोंड उघडलं, मिटलं. घाम फुटला होता तिला, त्या थंड गच्चीवर. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, निवत्या आला डोक्यावर, आता दूध तं वाढा!"

मग दूधच वाढलं.

मला राग आला होता तिचा. एक साधं वाक्य रचून सांगता आलं नाही! आमची आजी म्हणायची, एवढं म्हणाली असती तरी निभावलं असतं.

म्हणजे काय – तिनं खोटं बोलायला हवं होतं. माझं खोटं झाकायला.

हे आत्ता लिहिताना सुचलं, आणि त्यामागोमाग दुसरंही आठवलं. लोक हसत होते तेव्हा मी माइक तिच्यापुढून ओढून घेतला आणि म्हणालो, "खेड्यातली पोर आहे, बावरली. ह्यांना आपण काय बोलतो ते आपल्यालाच ठाऊक नसतं." लोक पुन्हा हसले. माझ्या बाजूनं हसले. बरं वाटलं होतं मला.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

१३ ऑक्टोबर

सकाळी उत्तरा कप घेऊन आली आणि म्हणाली, "आपण चहा घेणार का?"

आपण!

१५ ऑक्टोबर

दोन दिवस हेच. पुस्तकातून वाचल्यासारखं. "भोजन तयार आहे." "मला बाजारात जायचे आहे." मले नाही, काहून नाही, बाप्पा नाही. मांजराशी बोलणं बंद, स्टोव्हशी बंद. एकही चूक नाही, दुरुस्त करायला काही ठेवलंच नाही तिनं. आणि ऐकवत नाही. माझ्या वर्गातलं एखादं भेदरलेलं पोर तपासणीसाहेबांपुढं उत्तरं देतं तसं ऐकू येतं.

आज पुन्हा संकष्टी. वाटलं, आज तरी विचारील. नाही विचारलं. मीच गच्चीवर जाऊन बसलो, दिसला तसा खाली ओरडलो – निघाला गं!

"आभारी आहे," म्हणाली.



१८ ऑक्टोबर

नळावर बाया तिला 'निवत्याबाई' म्हणतात. शालिकनं सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "कळमेश्वरला कारखान्याजवळ खोल्या मिळतात. बघून ठेवतो आहे."

का रे? येण्याजाण्याचा त्रास होतो?

"मला कसला त्रास, बाबा. ती घरात बोलत नाही. माझ्याशीही नाही."

जातील. दोघंही जातील. मी आणि भिंती.

काय करू म्हणजे ती बोलेल? तिच्या भाषेत, तिच्या आवाजात? क्षमा माग, असं मन सांगतं. सासऱ्यानं सुनेची? दोनदा आत जाऊन पाणी पिऊन परत आलो.

२० ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते आहे. तरी लिहितो.

शेजारच्या कांताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वयानं मला वडील, जिभेनं सगळ्या गल्लीला. मला हाक मारली – "गुरुजी, एक विचारू? पोरीले कायले छळून राहिले?"

मी कुठं छळतो?

"इचार करा. तुमचं नाव काय हाय गा?"

माझं? गुरुजी – असं मी खरोखर म्हणालो!

"गुरुजी का बापानं ठेवलं?"

चंद्रभान, म्हटलं.

"मंग?" आणि त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी तसाच उभा. त्यांनाच दया आली असावी. "सून सासऱ्याचं नाव घेते काय, बाप्पा? माह्या आत्याचा सासरा मंगळ्या. जन्मभर तिनं मंगळवारले 'सोमवारचा दुसरा दिवस' म्हटलं. सोमवारी बाजार असला का आमी मुद्दाम विचारो, आत्या, उद्या कोणता वार वं?" आणि हसल्या. "तुमी एवढे शिकलेले. चार लोकांपुढं तिले विचारता, हे नाव कुठून आणलं म्हून! काय सांगन ती? तुमचं नाव घेऊन सांगन?"

हा रिवाज मला ठाऊक होता. वर्गात सांगितला आहे, गंमत म्हणून. पण तो माझ्या घरात, माझ्यासाठी! पेन्शनच्या कागदापलीकडे ते नाव कुणी घेत नाही. शालिकच्या आईनं आमच्या लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. चंद्र म्हटल्यावर मला सुधाकर आठवला, मृगांक आठवला. मी आठवलो नाही.

आणि मी त्याला राखणदार लावले, वृद्ध स्त्रिया लावल्या.

२१ ऑक्टोबर

झोप नाही. सारखं डोळ्यांपुढं येतं – ती गच्चीवर माझ्याकडे पाहते आहे. वाटलं होतं बावरली. ती वाट पाहत होती, मी तिला सोडवीन म्हणून.

केवढा मान! साऱ्या गच्चीचं हसू झेललं, पण सासऱ्याचं नाव तोंडावाटे निघू दिलं नाही. एखाद्या जुन्या आख्यानात शोभावी अशी पोर, आणि ती माझ्या घरात पोळ्या लाटते! डोळे भरून येतात. लाज वाटते, आणि लाजेच्या तळाशी – खरं लिहितो – थोडं सुखही वाटतं. माझ्या नावाची एवढी कुणी राखण केली नव्हती.

आता एकच. ज्या लोकांत तिचं हसं झालं त्याच लोकांत तिचा मान परत द्यायचा. लेख लिहितो. ह्या वेळी एक अक्षर खोटं नाही.

२३ ऑक्टोबर

लिहिला. 'मानाचा शब्द'. मागच्या लेखातली चूक कबूल केली, वृद्ध स्त्रिया मागं घेतल्या. उत्तराचं नाव घालून लिहिलं, की शब्दाचं मूळ पोथ्यांत नाही, सुनेच्या मर्यादेत आहे. शेवट लिहिताना अक्षरं दिसेनात.

तिला आधी दाखवावा का? नको. छापूनच हातात देऊ.

२६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन झालं. तिनं सगळं केलं – चिवडा, अनारसे, दारात रांगोळी. पाया पडली. "आशीर्वाद असावा," म्हणाली. मी मनात म्हटलं, दोन दिवस थांब गं पोरी.

२८ ऑक्टोबर

भाऊबीज. उत्तराचा भाऊ सकाळीच येऊन तिला माहेरी घेऊन गेला. पेपर आला तेव्हा ती निघाली होती. धावत जाऊन रिक्षात तिच्या हातात दिला. म्हटलं, एसटीत वाच.

दिवसभर लोक. अशी सून पाहिजे, म्हणतात. नळावरच्या बायाही आल्या, ओशाळ्या होऊन. बाबनरावांनी पाठीवर थाप मारली – "गुरुजी, पहिल्या लेखापेक्षा हा सरस!" कांताबाई तेवढ्या म्हणाल्या, "छापाचं होतं काय? घरातल्या घरात सांगून द्याचं."

४ नोव्हेंबर

शालिक तिला आणायला गेला होता. एकटा आला.

"येत नाही म्हणते."

मी विचारलं, लेख वाचला का तिनं?

"वाचला."

मग?

तो पायातल्या चपला काढता काढता थांबला. "म्हणे, त्या लेखातली बाई मी नाही. कळमेश्वरला खोली घेतली तर येते." चपला कोपऱ्यात सारून म्हणाला, "खोली मी पाहून आलोय, बाबा."

म्हणजे काय – लेखातली बाई मी नाही?

८ नोव्हेंबर

आज मांजर स्वयंपाकघराच्या दारात बसून ओरडत होतं. मी त्याच्याशी बोलून पाहिलं. 'काय पाहिजे तुला?' ते उठून गेलं.

दोन्ही लेख पुन्हा वाचले. दोन्हींत ती कुठं आहे शोधत होतो. पहिल्यात मी शोधक. दुसऱ्यात माझं नाव, माझा मान, माझे डोळे भरून आलेले. तिनं काय म्हटलं ते एक वाक्य नाही. कसं असेल? तिला विचारलंच नाही, दोन्ही वेळा.

शब्द कुठून आला हे सगळ्या जगाला सांगितलं. जिच्या तोंडून आला तिला सोडून सगळ्यांना विचारलं – कोश चाळले, कांताबाईंचंसुद्धा ऐकलं.

१२ नोव्हेंबर

उद्या जातो. शालिक म्हणाला, सासरा सुनेला आणायला जात नसतो, लोक काय म्हणतील. म्हटलं, लोकांना बोलायची सवय मीच लावली आहे.

१३ नोव्हेंबर, उत्तराच्या माहेरी

एसटी नरखेडपर्यंत, तिथून एका बागवाल्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. ह्या वयात! धोतर सांभाळू की टोपी.

विहीणबाई रुख्माबाई दारातच – "बाप्पा! इवाईबुवा, तुमी खुद्द आले!" पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग सोडलं नाही. "लेख वाचून दाखवला आमाले गावच्या मास्तरनं. माही पोरगी देवी झाली म्हणे नागपुरात! इथं तं सकाळपासून संत्र्याच्या खोक्याले खिळे ठोकून राहिली." मी मान खाली घातली. "जेवा अगोदर," म्हणाल्या, "देवीले मंग भेटा."

बागेत अंबिया बहराच्या संत्र्यांची तोड चालू. उत्तरा झाडाखाली बसून फळं निवडत होती, बरोबरच्या बायांशी मोठ्यानं काहीतरी बोलत होती. तो आवाज! मी संत्र्याच्या ओळीत थबकलो. तिनं पाहिलं आणि आवाज मिटला. उठून पदर घेतला.

"आपण कधी आलात?"

बाया उठून पलीकडे गेल्या. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, दोनदा तुझ्याबद्दल लिहिलं, एकदाही विचारलं नाही. गच्चीवर तुझ्या पुढ्यातला माइक ओढला, तेही हसं टाळायला – माझं. त्याची लाज वाटते मला. तू माझा मान ठेवलास, मी तुझा ठेवला नाही. तुम्ही खोली घ्या, सुखानं राहा. पण जायच्या आधी ते 'आपण' बंद कर. ते ऐकवत नाही गं.

ती संत्र्याचा देठ खुडत राहिली.  मग म्हणाली, "मान नाही जी तो," आणि पुन्हा फळं निवडायला लागली.

मी विचारलं नाही. ह्या वेळी गप्प बसलो. एवढं तरी साधलं.

रात्री पडवीत अंथरूण दिलं आहे. उद्या सकाळच्या गाडीनं परत. तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं दिसतं, पण ते नागपूरचं की कळमेश्वरचं, विचारायला धीर नाही.

१४ नोव्हेंबर

मान नव्हता. राग होता.

स्टँडवर गाडीची वाट पाहताना तिनं आपणहून सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुण्यांनी भरल्या घरात, तिनं मला म्हटलं होतं, 'मले आशीर्वाद द्या.' आणि मी म्हणालो होतो – मले नाही, मला. दहादा म्हण. तिनं दहादा म्हटलं. सगळे हसले. मला हे आठवतसुद्धा नाही!

"अंगाची हळद नोती गेली माह्या. त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसाचं नाव तोंडात नोको. जिथं जिथं येते तिथं तिथं नोको." मग – "कोजागिरीले माइकवर काय सांगू जी? सासऱ्याचा राग येते म्हून? लोकं हसले तं मले हसले. तुमाले हसले असते तं घरी येऊन तुमी जेवले असते काय?"

 तेवढ्यात गाडी आली. ती गाठोडं घेऊन माझ्या आधी चढली, कंडक्टरला नागपूरची दोन तिकिटं मागितली आणि खिडकीतून ओरडली –

"या न जी मामाजी, उभे काहून राहून राहिले!"